हळूहळू वळवलेला पाय

आमच्या गल्लीत बाळ जन्मलं की ते सासूबाईंच्या पायांवर यायचं. त्या दोन्ही पाय लांब करून न्हाणीत बसायच्या, बाळाला नडग्यांवर पालथं टाकायच्या आणि तेलाच्या हातानं घडवायला घ्यायच्या. घडवणं हाच त्यांचा शब्द. डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल करायचं, नाक चिमटीत घेऊन वर ओढायचं, उजवा हात डाव्या पायाला भेटवायचा. कबनूरच्या आमच्या गल्लीतली निम्मी डोकी आपण गोल केली असं त्या सांगायच्या. मिशा फुटलेला एखादा बाप्या रस्त्यानं चालला की मोठ्यानं म्हणायच्या, "ह्यो जन्मला तवा नुसता नारळ व्हता. बघा आता!" तो बिचारा मान खाली घालून निघून जायचा.

मला हे बघायला फार आवडायचं. माणसाचं अंग कणकेसारखं असतं का, असं मनात यायचं. पण कणीक हात काढला की तशीच राहते. बाळ तसं राहत नव्हतं, वाढत होतं. मग नाक वर आलं ते ओढल्यानं, की ते येणारच होतं? विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. मी कुणाला काही विचारणारी बाई नव्हे. चौथीनंतर शाळा सुटली आणि विचारायची सवयही सुटली.

माझी लेक जन्मली तेव्हा नव्वदची सालं संपत आली होती. तिचा उजवा पाय घोट्यातून आत वळलेला होता. तळवा खाली नव्हता, दुसऱ्या पायाकडं तोंड करून होता, आणि टाच वर पोटरीकडं ओढल्यासारखी. बाकी पोरगी गुटगुटीत. मी तो पाय पदरानं झाकून घेतला.

सासूबाईंनी पदर बाजूला केला. बराच वेळ पाय हातात धरून त्या बघत बसल्या.

"बसंल ह्यो," त्या म्हणाल्या. "चार आंघोळीत बसंल. मी कशाला हाय?"

चार आंघोळी झाल्या, आठ झाल्या. त्या तेल लावून पाय बाहेर वळवायच्या तेव्हा तो थोडा यायचा. सोडला की परत आत. रबर ताणून सोडावं तसा. आत कोणीतरी बसून तो आपल्याकडं ओढतंय असं मला वाटायचं.

त्याच दिवसांत शेजारीण बाळ बघायला आली. तिचं घर शेतकऱ्याचं, दारात दोन म्हशी, आणि जिभेला हाड नाही. पाय बघितल्या बघितल्या म्हणाली, "गिराणात पाय मुडपून बसली असशील गं तू. पोटुशीनं सरळ झोपायचं असतंय, म्हायती न्हाय व्हय?"

सासूबाई कडाडल्या. "आमच्यात गिराण पाळत न्हाईत! माझ्या सासऱ्यानं छप्पन साली देव पाण्यात सोडलं, तवाच गिराणबी सोडलं. तू तुझं पाळ."

शेजारीण तोंड वाकडं करून गेली. ती उंबऱ्याबाहेर पडली तशा सासूबाई माझ्याजवळ सरकल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बसलीवतीस का गं मुडपून?"

मी पाय परत पदरानं झाकला. कारण बसले होते. ग्रहणाच्या दिवशी कारखान्यात कांड्या भरायला दुसरी एकही बाई आली नव्हती. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं माझं काम. त्या दिवशी सगळ्यांच्या वाटच्या कांड्या मी एकटीनं भरल्या, उजवा पाय खाली दुमडून. आणि लेकीचा उजवाच पाय वळलेला.

मी ग्रहण मानत नव्हते. पण मानत नाही म्हणणं सोपं, आणि उजवा पाय समोर होता.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात हाडांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझे मालक मागावर दिवसपाळीला असायचे, म्हणून मी आणि सासूबाई बाळाला घेऊन यष्टीनं जायचो. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला. त्या घाईनं बोलत नसत, हे मला बरं वाटलं.

"आत्ता आलात ते चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "असाच ठेवला तर मुलगी पायाच्या कडेवर चालेल. तिथं घट्टे पडतील, जखमा होतील. दर आठवड्याला प्लॅस्टर घालू. दर वेळी थोडा थोडा वळवू."

"थोडा कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "एकदाच वळवा की दाबून."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, एकदाच वळवला तर आतलं फाटेल. फाटलेलं भरून येताना कडक होतं. मग कुणाच्यानंच वळणार नाही."

त्यांनी पाय एका हातात घेतला, दुसऱ्या हाताचा अंगठा घोट्यापुढं बाहेरच्या बाजूला एका हाडावर टेकवला आणि पाय हळूच बाहेर नेला. पोरगी रडली नाही. तिथंच धरून ठेवला आणि मदतनिसानं ओलं प्लॅस्टर गुंडाळलं, बोटांपासून मांडीपर्यंत. वाळेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. पुढच्या आठवड्यात सकाळी घरीच कोमट पाण्यात भिजवून ते सोडायचं, पाय धुवायचा आणि यायचं, असं सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टर सोडलं तेव्हा मी चकित झाले. पाय सगळा सरळ नव्हता, पण जिथं धरला होता तिथं राहिला होता. सासूबाईंच्या हातातून रोज परत जाणारा पाय आठवडाभर नुसता धरून ठेवल्यावर तिथंच कसा थांबला? त्याला कसं कळलं?

दवाखान्यात गेल्यावर हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि परत गेला. पण डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड बघितलं असावं. "काय ताई, काही विचारायचंय?"

मी म्हणाले, "पायाला कळतं का?"

सासूबाई हसल्या. "पायाला काय कळतंय, खुळे!"

"कळतं आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. भिंतीत विटा असतात तसं म्हणा, पण या विटा जिवंत असतात. एकमेकींचा हात धरून असतात. शेजारणीनं ओढलं की हिला समजतं. सारखा थोडा थोडा ताण राहिला की पेशींना कळतं, इथं कमी पडतंय, वाढवायला पाहिजे. मग त्या नवीन वाढवतात. तुमच्या लेकीच्या पायाच्या आतल्या बाजूच्या शिरा आखूड आहेत. आपण त्या ताणून तोडत नाही. त्यांना वाढायला सांगतोय."

मला हे समजलं, कारण मागाचा ताणा मी रोज बघत होते. ताणा म्हणजे मागावरचं उभं सूत. एका बाजूचं सूत जादा ओढलेलं असलं की कापड तिकडं आवळतं, आणि कितीही झटकलं तरी सरळ होत नाही. पण सूत मेलेलं असतं. ताण लागला म्हणून सूत वाढल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

"आणि पोटात असताना कोण ओढतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी इकडं तिकडं बघितलं. सासूबाईंच्या कमरेला पानाचा बटवा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तो द्या जरा."

"त्यात तंबाकू हाय," सासूबाई सांभाळून म्हणाल्या.

"मला खायची नाही हो."

त्यांनी पान, सुपारी, डबी टेबलावर काढून ठेवली आणि बटवा दोऱ्या सोडून सपाट पसरला. मग दोन्ही दोऱ्या हळूहळू ओढल्या. कडा जवळ आल्या, चुण्या पडल्या, मध्ये पोट तयार झालं. "बघा. कापड तेच. नुसती कड आवळली आणि पिशवी झाली. बाळ पहिल्यांदा असंच सपाट असतं, पापुद्र्यासारखं. प्रत्येक पेशीच्या आत बारीक दोऱ्या असतात. ठरलेल्या जागच्या पेशी आपापली कड आवळतात. सगळ्यांनी मिळून आवळलं की पापुद्रा वळतो, त्याची नळी होते. पाठीच्या कण्यातली मज्जेची दोरी, मेंदू यांची सुरुवात अशाच नळीनं होते. बाहेरून कोणी घडवत नाही. आतल्या आतच ओढाओढ चालते."

सासूबाई बटव्याकडं बघत राहिल्या. "म्हंजे पोटात बटवं शिवत्यात व्हय?"

"तसंच म्हणा."

"आन शिवतंय कोण?"

"बटवाच स्वतःला शिवतो, आजी."

परतताना यष्टीत सासूबाई शिरोलीपर्यंत बटव्याच्या दोऱ्या ओढून-सोडून बघत होत्या. कारखान्यांची धुराडी मागं पडल्यावर म्हणाल्या, "बाई हुशार हाय. पर हाताला जोर न्हाय तिच्या."

हे मी नीट ऐकायला हवं होतं.

पुढं दोन-तीन आठवडे चांगले गेले. पाय दर वेळी थोडा बाहेर येत होता. मी प्लॅस्टरमधून बाहेर आलेली पाच बोटं सारखी बघायची, गरम आहेत का, गुलाबी आहेत का. दरम्यान डॉक्टरीणबाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या की बाळ पोटात लाथा मारतं ते उगीच नाही. हलण्यानंच सांधे नीट तयार होतात. अंड्यातलं पिल्लू जर हललंच नाही तर त्याचे सांधे चिकटून जातात. हे माझ्या डोक्यातून जाईना. आमची एक कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसलेली होती. कौलातल्या काचेतून दुपारी उन्हाचा एक पट्टा चुलीजवळ पडायचा. मी एक अंडं काढून मुठीच्या आडोशानं त्या उन्हात धरलं. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या आणि मध्ये एक काळा ठिपका. तो ठिपका हलला. मी दचकले. परत हलला, झोके घेतल्यासारखा.

"ठेव खाली, नासवशील," सासूबाई मागून म्हणाल्या. आणि मग, "बघू?"

आम्ही दोघी उन्हाच्या पट्ट्यात डोकी लावून उभ्या राहिलो. "हात-पाय मारतंय की गं," त्या पुटपुटल्या. मी त्यांना सांधे चिकटण्याचं सांगितलं. त्यांनी अंडं स्वतःच्या हातानं कोंबडीखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "ही काय शिकीवतीया तुला, पोटातल्या गोष्टी! आपुन चार पोरं काढली, काय कळलं न्हाय."

मग तो आठवडा आला. दवाखान्याला जायच्या सकाळी प्लॅस्टर सोडून मी पाय धुतला आणि मालकांचा डबा करायला चुलीपाशी गेले. भाकरी थापत होते. न्हाणीतून पोरीचं रडणं ऐकू आलं, पण आंघोळीला ती रडतेच. रडणं थांबेना तेव्हा मी पिठाच्या हातानं धावले. सासूबाईंनी पोरीला नडग्यांवर घेतलं होतं, आणि तेल लावून त्या पाय दोन्ही हातांनी बाहेर वळवत होत्या. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

"आलाय बघ, आलाय!" त्या म्हणाल्या. "आता डॉक्टरणीला दाखवतो. दोन आठवड्याचं काम केलंय."

कोल्हापूरला पोचेपर्यंत पाय सुजून लाल झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कठीण झाला. "कोणी दाबला?"

सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "मी. का? मी गावातली पोरं घडवल्यात."

"सूज आहे. आज प्लॅस्टर घालता येणार नाही. आठवडा रिकामा जाईल आणि पाय परत आत येईल. असं आणखी झालं तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, पाय उघडून. मग तो आयुष्यभर ताठ राहतो."

सासूबाईंवर ओरडावं असं वाटलं, पण त्यांचे हात बघितले. ते त्यांनी पदराखाली घेतले होते. त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. परतताना यष्टीत त्यांनी पोरीला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

आठवडाभर त्यांनी आंघोळ घातली नाही. मीच घातली. गल्लीतलं एक बाळ आलं तेही त्यांनी परत पाठवलं, अंगात कसकस आहे म्हणून. पाय खरंच आत आला. जेवढा वळवला होता त्यातला निम्मा गेला. मी रोज बघत होते आणि मला भीतीबरोबर नवलही वाटत होतं, की आतली ओढ अजून जिवंत आहे. कोणी सांगत नसताना ती आपलं काम करते.

पुढच्या खेपेला सासूबाई येत नाही म्हणाल्या. मी म्हणाले, "आत्ती, तुमच्याबिगर मला तिथं बोलता येत न्हाय." हे खरंच होतं. त्या आल्या.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, सूज गेली होती. त्या बाहेर डोकावून म्हणाल्या, "आजी, आत या. हात धुवा."

"माझा हात कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं वाटुळं झालंय."

"म्हणूनच. या."

त्यांनी सासूबाईंचा अंगठा आपल्या हातानं त्या हाडावर नेऊन ठेवला. "इथं. लागलं?"

"लागलं."

"आता ओढू नका. दाबू नका. पाय स्वतःहून येईल तेवढाच येऊ द्या, आणि जिथं थांबेल तिथं धरा."

सासूबाईंनी पाय नेला. थोडा गेला आणि त्यांचा हात आपोआप पुढं रेटू लागला. "थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाई थांबल्या. "आता धरून ठेवा. काहीच करायचं नाही."

काहीच न करणं त्यांना फार जड गेलं. ओठ दाताखाली धरला होता. प्लॅस्टर गुंडाळून वाळेपर्यंत त्या तशाच वाकून उभ्या होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "बाई, आत काहीतरी ढिलं पडलं. मऊ आलं हाताला."

"ते पेशींनी ऐकलं, म्हणा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

"इतक्यात वाढल्या?"

"नाही, वाढायला आठवडा लागतो. आत्ता नुसत्या सैल झाल्या. आधी सैल होतात, मग वाढतात."

त्या दिवशी मी माझा शेवटचा प्रश्न विचारला. सासूबाई बाहेर तंबाखू मळायला गेल्या होत्या. मी खाली बघूनच म्हणाले, "ग्रहणात मी उजवा पाय दुमडून बसले होते."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "कितवा महिना होता?"

"सहावा."

"तोवर हिचा पाय कधीच वळून गेला होता. तुम्ही बसा, झोपा, नाचा, त्याला काही फरक पडत नव्हता."

"मग कशानं वळला?"

"ते कोणालाच नीट माहीत नाही, ताई. कुठल्या पेशींनी कड जास्त आवळली, का आवळली, शोधतायत लोक."

मला ग्रहणाचं ओझं उतरल्याचं बरं वाटलं. पण त्याहून जास्त मला हे लागून राहिलं की इतक्या शिकलेल्या बाईलाही माहीत नाही, आणि माहीत नाही असं त्या सरळ सांगतात.

पाय पूर्ण बाहेर आला, पण टाच खाली टेकेना. मागची जाड शीर आखूड होती. ती नुसत्या ताणानं येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी एका बारीक टोच्यानं ती कापली आणि परत प्लॅस्टर घातलं. कापली म्हणजे पोरगी कशी चालणार, असं आम्हाला वाटलं. तीन आठवड्यांनी प्लॅस्टर काढलं तर शीर जुळली होती, आणि मधली फट भरून, लांब होऊन जुळली होती. सासूबाईंनी बोटानं चाचपून बघितली. "सूत तुटल्यावर गाठ मारावी लागती," त्या मला म्हणाल्या. "हितं गाठ बी न्हाय."

त्यानंतर दांडीचे बूट आले. दोन बुटांच्या मध्ये एक पट्टी, पाय बाहेर वळलेले राहतील अशी. आधी दिवसरात्र, मग फक्त झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. पोरगी किंचाळायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, काढा की, सरळ झालाय पाय. माझं मन सारखं पातळ व्हायचं. सासूबाईंचं झालं नाही. "सरळ दिसतोय म्हून सरळ न्हाय," त्या दारात बसून बायकांना सांगायच्या. "आतली ओढ अजून मेलेली न्हाय. तुमी जावा, भाकऱ्या करा जावा."

लेक वर्षाची झाली तरी उभी राहीना. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. बूट काढल्यावर मी तिला भिंतीला धरून उभी करायची, ती पाय उचलून घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की उभं राहिल्यावर अंगाचा भार हाडांवर पडतो आणि भार पडेल तशी हाडं घडतात, म्हणून उभी राहू दे. पण उभी राहणार कधी, हे त्याही सांगू शकत नव्हत्या.

एके दिवशी आंघोळीनंतर सासूबाईंनी तिला न्हाणीच्या दारात उभी केली आणि टॉवेल घ्यायला वळल्या. मी आत चुलीपाशी होते. पोरगी चौकट धरून उभी राहिली, मग चौकट सोडली आणि माझ्याकडं चार पावलं टाकून बदकन बसली. सासूबाई टॉवेल हातात घेऊन तशाच थांबल्या.

शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. आम्ही दोघी खाली वाकलो. डावा ठसा मोठा, उजवा थोडा लहान आणि अरुंद. तो लहानच राहिला पुढंही, आणि पोटरीही बारीक राहिली. पण ठशात टाच होती. गोल, पूर्ण टाच, मध्ये वळण, आणि पुढं पाच बोटं.

"टेकली," सासूबाई म्हणाल्या.

फरशी गरम होती, ठसे कडेकडेनं वाळत चालले. त्यांनी पोरीला उचलून परत न्हाणीत नेलं, तिचे दोन्ही पाय तांब्यानं भिजवले आणि पुन्हा दारात उभी केली.